निवळीची बी

वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी मोपेडवरून पाण्याचे कॅन येतात. आता त्यातले दोन माझ्याही स्वयंपाकघरात असतात. वर भिंतीला पाणी शुद्ध करायचं यंत्र लावलंय आणि त्याचा हिरवा दिवा दिवसभर उगाच जळत असतो. पाच-सहा वर्षांपूर्वी कोणी मला सांगितलं असतं की तुझ्या घरात हे येणार, तर मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. स्वभावच तसला माझा, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालायला लागतं.

साताऱ्याहून नोकरीसाठी मी मद्रासला आलो, तेव्हा हे गाव मद्रासच होतं. सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात गेली. साबण, शाम्पू, टूथपेस्ट. आत काय जातं आणि बाहेर काय छापतात, दोन्ही माझ्या टेबलावरूनच जायचं. मग एका दुपारी आमचा अख्खा विभाग बंद झाल्याचा ईमेल आला. समोर बोलवून सांगायचीही कोणाला गरज वाटली नाही. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, या मोठ्या कंपन्यांची एकही वस्तू आता या घरात नको.

मला वाटायचं, मी फार मोठं काहीतरी करतोय. टूथपेस्ट गेली, दंतमंजन आलं. शाम्पूच्या जागी शिकेकाई, कपड्यांना रिठे, तेल लाकडी घाण्याचं. फ्रिज विकला. फोनमधली घरपोच सामानाची आणि टॅक्सीची सगळी ॲप्स काढून टाकली. भेटेल त्याला मी हे ऐकवायचो. ऐकवायचो मी, पण रिठे फोडायची ती, मंजन कुटायची ती, आणि फ्रिज नाही म्हणून दोन्ही वेळचा ताजा स्वयंपाक रांधायचीही तीच. एकदा पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणाली, "हे स्वावलंबी झालेत, पण माझ्या हातांनी." सगळे हसले, मीही हसलो. तिच्या अंगठ्यांची नखं रिठ्यांनी काळी पडली होती, ती मी त्या दिवशी पाहिली, आणि रिठे तसेच चालू ठेवले.

राहिला होता पाण्याचा कॅन. तो मला सगळ्यात जास्त सलायचा. आमच्या इमारतीच्या मागे जुनी विहीर आहे. लोक तिचं पाणी झाडांना आणि अंगण धुवायला वापरतात. मी म्हटलं, दारात विहीर असताना पाणी विकत घ्यायचं म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे. वरच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी बाई राहतात, इथे सगळे त्यांना मामी म्हणतात. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून बोललेलं, आणि त्याची मी पुष्कळ चेष्टा करायचो. त्यांनी मला बजावलं होतं, गल्लीतलं गटार फुटल्यापासून आम्ही ते पाणी तोंडात घेत नाही. मी मनात म्हटलं, म्हातारीला काय कळतंय.

त्याच सुमारास नाट्टु मरुंदुच्या दुकानात, म्हणजे इथल्या झाडपाल्याच्या दुकानात, एका बरणीत मला निवळीच्या बिया दिसल्या. चपट्या, गोल, फिकट. माझी आई गढूळ पाणी आलं की माठाच्या आतून हीच बी ओली करून घासायची. घटकाभरानं गाळ तळाशी बसायचा. दुकानदार तमिळमध्ये सांगत होता की आमच्याकडेही आजी असंच करायची. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं या गावात राहून परकाच वाटायचं, आणि इथे माझ्या आईची बी मिळाली. साताऱ्यातली आई आणि मद्रासमधली आजी एकच सांगतायत, मग त्यात खोट कशी असेल, असं मला वाटलं. मूठभर बिया घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी कॅनवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं.

पहिले काही महिने काहीच झालं नाही. मग कार्तिकातला इथला मोठा पाऊस आला. तीन दिवस गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि विहीर काठोकाठ भरली. पाणी चहासारखं दिसत होतं. मी माठात बी घासली, वाट पाहिली, आणि संध्याकाळी पेला उजेडात धरून हिला दाखवला. बघ, तळ दिसतोय.

ती म्हणाली, "अहो, या वेळी उकळून घेऊ का?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "उकळायला गॅस लागतो. तोही त्या कंपन्यांच्याच बापाचा. आणि उकळलं की पाणी मरतं."

तिनं पेला घेतला आणि प्यायली. वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं मी नंतर कितीतरी वेळा तिच्यावरच मनातल्या मनात चिडलो. इतका मी हलकट माणूस आहे.

महिन्याभरानं तिला अन्नाचा वास नकोसा झाला. मग डोळे पिवळे झाले. कुंडीत काविळीवर देतात ती भुईआवळी होती, तिचा रस मी तिला दिला. चार दिवस देत राहिलो. पाचव्या दिवशी ती मला ओळखेना. मी रिक्षा शोधायला रस्त्यावर धावलो, आणि एकही थांबली नाही. टॅक्सीचं ॲप मी काढून टाकलं होतं. शेवटी अण्णा नगरला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोन केला, तिनं तिकडून गाडी पाठवली. दवाखान्यात मुलीनं मला एकच विचारलं, "बाबा, आई कुठलं पाणी पीत होती?"

डॉक्टर म्हणाले, काविळीचे जंतू असे डोळ्यांना दिसत नाहीत. बी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. मला काहीच झालं नव्हतं. लहानपणी हीच कावीळ होऊन गेली असेल तर पुन्हा होत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे त्या माठातून आम्ही दोघं प्यायलो आणि भोगलं तिनं.

ती वाचली. यकृत मात्र पूर्वीसारखं होणार नाही. दवाखान्यातून ती थेट मुलीकडे गेली. मी कॅन सुरू केले, यंत्र बसवलं, फ्रिज आणला. दर रविवारी मेट्रोनं तिकडे जायचो आणि म्हणायचो, आता सगळं केलंय, घरी चल. ती म्हणायची, बघू. या घराला तिच्याशिवाय काही अर्थ नाही, हे मी तिला सांगितलंसुद्धा. तेव्हाही ती बघूच म्हणाली.

गेल्या महिन्यात ती आली. मला वाटलं, राहायलाच आली. तिनं कपाट उघडून दोन शाली आणि चार साड्या पिशवीत भरल्या. मग औषधाची वेळ झाली म्हणून खुर्चीत बसली. मी यंत्राचा नळ सोडून स्वच्छ पेला भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं पेल्याकडे पाहिलं. "रागावू नका," ती म्हणाली. "पाणी चांगलंच असेल. पण तुमच्या हातचं प्यायची मला भीती वाटते."

मग तिनं पिशवीतून बाटली काढली. दुकानातली, मोठ्या कंपनीची, सीलबंद. मनगटात जोर राहिला नाही तिच्या, झाकण काही फिरेना. दोनदा प्रयत्न केला आणि बाटली माझ्यापुढे केली.

"एवढं उघडून देता?"

मी पेला खाली ठेवला आणि ते सील फोडून दिलं.