बंद घराचा पंचनामा

“आधी वाचू, मग रडू.”

वकीलसाहेबांच्या तोंडून हे वाक्य कारकुनाने सव्वीस वर्षांत किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. कुणी नोटीस मुठीत चुरगाळून यायचं, खुर्चीत टेकायच्या आधीच डोळे पुसू लागायचं, आणि साहेब हात पुढे करून एवढंच म्हणायचे. मग चष्मा पुसायचे. मग कागद वाचायचे, पहिल्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत, बोट फिरवत, तांदळातले खडे वेचावेत तसे. तोवर समोरच्याचं रडू वाळून जायचं.

साहेबांचं काम एकच. सरकारला रस्त्यासाठी, रुळासाठी, कालव्यासाठी कुणाचं घर नाहीतर जमीन हवी असली, की त्या मालकाच्या बाजूने उभं राहायचं. अडतीस वर्षं हेच. कोर्टातले बाकीचे वकील त्यांना ‘गोगलगाय’ म्हणत. दुसऱ्याचं घर पाठीवर घेऊन हळूहळू चालतात म्हणून. साहेबांना ते ठाऊक होतं. “गोगलगायीचं घर निदान तिच्यापाशी राहतं,” म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

अलीकडे त्यांना कचेरीचा जिना जड जाऊ लागला होता. तेराव्या पायरीवर ते थांबत आणि भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं करत. पाटी त्यांच्याच नावाची होती. कारकून मागे पिशवी धरून उभा राहायचा आणि आपणही वाचतोय असं दाखवायचा.

जिला सगळे मावशी म्हणत, ती अशाच एका दमलेल्या दुपारी आली. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत ती. घरासमोरचा रस्ता रुंद होणार होता आणि त्यात तिचं घर अख्खं जाणार होतं. जे लोक आपल्या घरात राहत होते, त्यांना त्याच भागात तळमजल्यावर दुसरं घर मिळणार होतं. त्या यादीत मावशीचं नाव नव्हतं.

“का बरं नाही?” साहेबांनी विचारलं.

मावशी पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. “मोजणीवाले येणार होते, तर शेजारीण म्हणाली, कुलूप घाल. दार बंद असलं की मोजता येत नाही, आणि मोजलं नाही की घेता येत नाही. मी कुलूप घातलं आणि बहिणीकडे जाऊन बसले.”

कारकुनाने कपाळाला हात लावला. “अहो मावशी, घर घ्यायला त्यांना किल्ली लागते का!”

“तेव्हा कुठे होतात हो तुम्ही सांगायला?”

“आणि शेजारणीने लावलं का कुलूप?”

“ती दारात खुर्ची टाकून बसली होती,” मावशी म्हणाली. “तिला घर मिळालं.”

साहेब हसले नाहीत. असलं कुलूप त्यांनी पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. माणसं घर वाचवायला दार बंद करतात आणि आपणच बाहेर राहतात. त्या दिवशीच्या पंचनाम्यात, म्हणजे मोजणीवाल्यांनी काय काय पाहिलं त्या नोंदीत, पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘घर बंद. वापरात नाही.’ त्या चार शब्दांवर मावशीचं म्हातारपण टांगलं होतं.

साहेबांनी पाचही पानं दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या पानाची नक्कल काढ, एवढंच त्यांनी कारकुनाला सांगितलं.

सुनावणीला अधिकारी बाई सर्दीने बेजार होत्या. टेबलावर फायलींशेजारी रुमालांचा ढीग.

“विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर आहे, आणि तो हयात नाही,” त्या म्हणाल्या. “शेजाऱ्यांचे जबाब आहेत, पण शेजारी एकमेकांसाठी लिहून देतातच. आमची नोंद स्पष्ट आहे, वकीलसाहेब.”

“तुमच्याच नोंदीतलं वाचतो,” साहेब म्हणाले. आवाज थकलेला, पण शब्द सुटे सुटे. “पान चार. ‘मागील बाजूस दोरीवरील ओले कपडे अडथळा. बाजूला करून माप घेतले.’ ओले, बाई. वापरात नसलेल्या घरामागे कपडे कोण धुतं?”

“पाऊस झाला असेल.”

“पान एक. ‘हवा कोरडी.’”

बाई शिंकल्या. मग त्यांनी मोजणीदाराला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहून म्हणाला, “होय बाई, चादर होती, साडी होती. काठीने सरकवले कपडे मी.”

“म्हणजे माझी चादर मातीत पाडणारा तूच का रे मेल्या!” मावशी ताडकन उठली. “दोनदा धुतली मी ती!”

मोजणीदाराने स्वतःचे कान धरायचेच बाकी ठेवले. अधिकारी बाईंना हसू आवरेना. नाक पुसत त्यांनी जुनी ओळ खोडली, वर ‘राहते घर’ असं लिहिलं आणि खाली सही केली. मावशीचं नाव यादीत गेलं.

दालनाबाहेरच्या व्हरांड्यात येईपर्यंत मावशीचा चेहरा उजळला होता. “जिंकलो ना साहेब?”

“तळमजल्यावरचं घर मिळेल. यंत्र तिथे बसेल.”

“आणि हे?”

“हे पुढच्या महिन्यात पाडतील, मावशी.”

“म्हणजे मी त्यात राहते हे आता त्यांना पटलं. आणि पटलं तरी पाडणार.”

साहेबांनी मान हलवली.

“तुमच्या हातून एखादं तरी घर वाचलं का हो कधी? जागच्या जागी?”

या प्रश्नाला कारकुनाजवळ दहा उत्तरं तयार होती. अशिलांना तो ती नेहमी द्यायचा. साहेबांनी त्यातलं एकही घेतलं नाही.

“नाही,” ते म्हणाले. “एकही नाही.”

मावशीने त्यांच्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावला आणि काढून घेतला.

“उद्याची कालव्याची सुनावणी, साहेब...” कारकून म्हणाला.

“मुदत मागून घे.”

सव्वीस वर्षांत साहेबांनी स्वतःहून कधी मुदत मागितली नव्हती. त्यांनी कारकुनाच्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि निघाले. कारकून त्यांच्यामागे जायला वळला, तर मावशीने त्याचा दंड धरला.

“जाऊ द्या त्यांना,” ती म्हणाली. “आज कुणी सोबत नको.”

दोघं वरच्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहिली. खाली साहेब फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडताना मधेच थांबले, एक ट्रक जाऊ दिला, मग पलीकडच्या फुटपाथवरून भिंतीच्या कडेकडेने चालत राहिले. तो काळा कोट वळणाआड जाईपर्यंत मावशीने कारकुनाचा दंड सोडला नाही.