विमलबाई, लेझर आणि माझी काळी रेघ

डॉ. विमलबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते रामदासपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात, ऐंशीच्या दशकात. नर्सिंग संपवून मुलाखतीला गेले होते. घरात कमावती मी एकटीच. बाईंनी सर्टिफिकेटांकडे बघितलंही नाही. "हात पुढे करा," म्हणाल्या. हात लटपटत होते. "घाबरता ना? म्हणजे जपून काम कराल. तीन महिने बघू, मग कायम." जपून! बाईंचा अंदाज एवढा साफ चुकलेला मी पुन्हा पाहिला नाही.

पायांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या निळ्या-लाल शिरा दाखवायला बायका यायच्या. "यानं काही बिघडत नाही," असं सांगून बाई निम्म्याजणींना परत पाठवत. ज्यांच्या मनाला ते फारच लागे, त्यांच्यासाठी बाईंनी मुंबईहून लेझरचं यंत्र आणलं. त्याचा प्रकाश आधी स्वतःच्या पोटरीवर घेऊन पाहिला. ते यंत्र थंड ठेवायला नळाचं वाहतं पाणी लागे, त्यामुळे नळ असेपर्यंतच आमचं काम. काय धावपळीच्या सकाळी होत्या त्या! अजून आठवतात.

सक्करदऱ्याच्या गिरजाबाई हातमागावर बसत. लुगडं वर खोचलं की पोटऱ्या दिसत, आणि शेजारणी "कोणता रोग झाला वं?" विचारून जीव खात. आडवं झालं की शिरा फिकट होतात, म्हणून पेशंटला उभं करून मी काळ्या शाईनं खुणा करत असे. शिरेच्या टोकांना फक्त ठिपके, शिरेवर शाई नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती, कारण काळा रंग प्रकाशानं तापतो. त्या दिवशी नळ जायची वेळ झाली होती. मी शहाणीनं घाईघाईत अख्ख्या शिरेवर रेघ ओढली. डोळ्यांवरच्या रंगीत चष्म्यातून बाईंना ती शीरच वाटली.

"जळलं वं माय!" गिरजाबाई किंचाळल्या. बाईंनी यंत्र बंद केलं, पायावर गार पाणी धरलं आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी नीट पाहिलं नाही." मी भिंतीला चिकटून गप्प उभी. नोकरी गेली, एवढंच डोक्यात. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

पुढे रोज सकाळी बाई मला स्कूटरवर मागे बसवून सक्करदऱ्याला ड्रेसिंगला नेत. माझ्या चुकीबद्दल त्या शब्दानं बोलत नसत, आणि तेच मला जास्त खाई. एकदा त्या मोरीत हात धुवायला गेल्या तेव्हा मी गिरजाबाईंना सांगून टाकलं, "चूक माझी होती."

"ठाऊक हाये मले. शाई तूच तं लावून राहिली होती."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं बाई खोट्या पडल्या असत्या. तुह्यासाठी त्यायनं आंगावर घेतलं, अन् मी त्यायले उघडं पाडू? मले ठाऊक हाये हे तूबी त्यायले सांगू नोको." मी शब्द दिला.

जखम भरून आली, फिक्कट रेघ तेवढी राहिली. तीन महिने झाले तसं बाईंनी मला कायम केलं. म्हणाल्या, "शाईची बाटली तुमच्याच ताब्यात राहील." मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

बाई, आज तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण झाली. गिरजाबाईंना दिलेला शब्द मी इथे मोडते आहे. ज्यांच्यासमोर तुम्ही माझी चूक लपवली, त्यांना ती पहिल्यापासून माहीत होती, आणि तुमचा मान राहावा म्हणून त्या गप्प राहिल्या. इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून रागवा माझ्यावर, हक्कानं रागवा. आणि असंच रागवायला खूप वर्षं धडधाकट राहा.