सुपडूची बहीण

बऱ्हाणपुरात माझी अशी एकही गोष्ट नाही जी मी दहा वेळा सांगितलेली नाही. पंगत असो की माझ्या दवाखान्यातला बाक — चार माणसं जमली की मी उठतो, आवाज बदलतो, हातवारे करतो. ही गोष्टही तुम्ही ऐकली असेल. निम्मी. उरलेली निम्मी मी बायकोलाही सांगितलेली नाही.

ऐकलेली निम्मी अशी. नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. तोवर आमच्याकडच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर नागपूर. आता नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही सगळे जबलपूरकडे तोंड करून बसलो. मॅट्रिक, मग दोन वर्षं इंटर सायन्स, मग मेडिकलची मुलाखत — असा रस्ता. मी लोधीपुऱ्यातल्या मास्तरांचा मुलगा. सुपडू डोईफोडिया या खेड्यातला, केळी-कापसातला. इंटरची दोन्ही वर्षं आम्ही एका खोलीत काढली. अभ्यासात तो माझ्यापुढेच. मुलाखत माझी आधी होती, त्याची नंतर. मी परतलो तर हा स्टेशनवरच उभा.

"काय विचारतात रे भाऊ?"

झालं! मी प्लॅटफॉर्मवरच सुरू झालो. खांद्यावर टॉवेल टाकला — हा प्रिन्सिपॉलचा कोट. पाच डॉक्टर, मेजावर अख्खा सांगाडा. एकाने त्याचं हाड उपसून माझ्या अंगावर भिरकावलं — "नेम इट! क्विक!" दुसऱ्याने चादर ओढली, तर खाली प्रेत! हमाल ओझी ठेवून हसत होते. सुपडूही हसला. मग हसेनासा झाला. इंग्रजी बोलताना त्याची जीभ अडखळायची, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणून तर सगळे डॉक्टर मी इंग्रजीतच ओरडवले.

"आपल्याले नाही जमायचं, राजा," तो म्हणाला. त्याची जबलपूरची गाडी आली आणि गेली. तो गावाकडे जाणाऱ्या खकनारच्या मोटारीत बसला.

इथे लोक हसतात. शूर मी, भित्रा सुपडू.

आता उरलेली निम्मी — ही सांगत नाही, लिहितो.

तिथे सांगाडा नव्हता. प्रेत नव्हतं. तीन वयस्क डॉक्टर चहा पीत बसले होते. मलाही दिला. हिंदीत विचारलं, "बेटा, डॉक्टर क्यों बनना है?" वडिलांना हवं होतं, एवढंच. ते सांगायची लाज वाटली. आणि मग — कशी कोण जाणे — माझ्या तोंडून सुपडूची बहीण बाहेर आली.

वच्छला. अंगात ताप, खाटेवर घातलेली, चौघे जण खाट उचलून खकनारच्या दवाखान्याकडे निघालेले. वाटेत नाल्याला पाणी. पलीकडे गेल्यावर तिचा हात खाटेखाली लोंबायला लागला. सुपडूने तो उचलून पुन्हा तिच्या पोटावर ठेवला — त्याला वाटलं, झोपली. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून.

मी म्हणालो, "मेरी बहन."

मला बहीणच नाही. पण आवाज कुठे पाडायचा, कुठे थांबायचं, हे मला तेव्हाही येत होतं. एका डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माझी जागा तिथेच पक्की झाली, हे मला खुर्चीतच कळलं.

आणि परतीच्या गाडीत कळलं की आता त्याच खुर्चीत सुपडू बसणार. त्यालाही तेच विचारणार. तोही तेच सांगणार, अडखळत. मग? दोघांतला एक खोटा, हे त्यांना कळायला कितीसा वेळ? म्हणून इटारसीपासून बऱ्हाणपूरपर्यंत मी एकेक हाड जोडत आलो. गाडीतून उतरलो तेव्हा सांगाडा तयार होता.

ती चेष्टा नव्हती. तुम्ही ती चेष्टा समजलात, कारण मी ती तशी सांगत आलो.

मी डॉक्टर झालो. हात चांगला आहे म्हणतात. सुपडू केळी करतो. गावातलं कोणी आजारी पडलं की तोच माझ्याकडे घेऊन येतो आणि त्यांच्याबरोबर आतही येतो. ताप आलेली पोरगी असली की मात्र येत नाही. बाहेर लिंबाखाली उभा राहतो.

परवा त्याच्या मुलीचं लग्न झालं. पंगत उठली, आणि भर मांडवात सुपडूच ओरडला, "डॉक्टर, होऊन जाऊ दे ती मुलाखत!" समोर नवरी बसली होती. तिचं नाव वच्छला.

मी उठलो. खांद्यावर टॉवेल टाकला. सांगाडा, हाड, चादर — काही म्हणून गाळलं नाही. सगळ्यांत जास्त सुपडू हसला. डोळे पुसत शेजारच्याला म्हणाला, "मी गेलो असतो तं तिथंच मेलो असतो!"