लंडनचा मुराळी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लंडनला नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं, तेव्हा वडिलांनी साखरपुड्यातच सांगून टाकलं, "तिकीट आमच्याकडून." पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने असं बोलू नये, पण बोलून झालं होतं. लग्न उरकून जावई पुढे गेला आणि एप्रिलात बहिणीचा व्हिसा आला. कोपरखैरण्याहून एकाच रिक्षात कोंबून घेऊन आम्ही चौघं वाशीच्या तिकीट एजंटकडे गेलो. वडील, बहीण, मी आणि साताऱ्याची आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण; तिचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

एजंटने एकेरी तिकिटाचा आकडा सांगितला. वडिलांनी पाणी मागितलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. जाऊन-येऊन काढा, स्वस्त पडेल."

"म्हंजी यायचं पैसं उलटं तुमीच आमास्नी देनार?" आत्याने विचारलं.

बहिणीला हसू फुटलं. तिला बघून मलाही.

"मावशी, एकेरी जाणारा बहुतेक कामाचा माणूस. त्याला जायचंच असतं, पैसे कंपनी भरते, म्हणून त्याला जादा लावतात. सुट्टीवाला स्वतःच्या खिशातून जातो. महाग झालं तर घरी बसेल. त्याला सूट. आता सुट्टीवाला ओळखायचा कसा? तो परतीचं घेतो. येताना नाही बसलात तर कोण धरायला येणार आहे?"

मला पटलं. आत्याला नाही.

"पोरगी सासरी निघाली आनि हातात परतीचं तिकीट? नांदाया चाललीय का जत्रंला?"

वडील उठलेच. "राहू दे. पैसे जमले की एकेरीच काढू."

म्हणजे वर्ष तरी गेलं असतं. बहिणीचं हसू थांबलं. तिच्या नवऱ्याने तिकडे घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मुलीला माहेरी आणायला सासरी मुराळी जातो. आमच्यासारखा भाऊ नसला तर बाप, पण कोणीतरी जातंच.

मी विचारलं, "आत्या, यंदा लंडनला मुराळी कोण जाणार? बाबांकडे तर पासपोर्टही नाही."

आत्या एजंटकडे वळली. "ह्या तिकिटावर पंचमीला येता येतंय का रं?"

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "चार महिने चालतं. आरामात."

"मग काढ की! त्योच मुराळी. जेवायला बी घालाया नको."

एजंटला तिकीट लिहिता येईना इतका तो हसत होता. आत्या त्यालाच दरडावत होती, "नीट लिही, दात काय काढतोस!"

पंचमीला बहीण खरोखरच आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही फुगड्या घातल्या. परत जायचं तिकीट आता जावयाच्या खर्चाने होतं, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेलो. एकेरी महाग, जाऊन-येऊन स्वस्त. एजंट काही बोलायच्या आत आत्याने खुर्ची ओढली.

"दिवाळीचा मुराळी काढ," ती म्हणाली.