बिनतिळाची संक्रांत

तिळाच्या एवढ्याशा दाण्याशी पंधरा वर्षं लढाई करणारा माणूस अख्ख्या निजामी मुलखात एकच होता, आणि तो जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. तहसील कचेरीत कारकून. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांची आईवेगळी सुलू तीन वर्षांची असताना कुणीतरी प्रेमानं तिला तिळाचा लाडू दिला. घटकाभरात पोरीचं तोंड डोळे मिटेपर्यंत सुजलं, श्वास शिटीसारखा वाजू लागला. भाऊजी तिला खांद्यावर टाकून अनवाणी डॉक्टरांकडे धावले. पोरगी वाचली, पण त्यांच्या घरातून तीळ जो गेला तो गेलाच.

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीआधी हा गृहस्थ थेट आचाऱ्यापुढे उभा. "कढईत अगोदर काय तळलं? बराबर सांगा!" आचारी झारा उगारायचा, यांना ढिम्म फरक पडत नसे. संक्रांतीआधी गल्लीत घरोघर गूळ-फुटाणे पोचवून बजावायचे, "सुलू आली की हेच द्या." स्वतःही तीळ सोडलेला. "मी खाल्ला न् त्याच हातानं तिला घास भरवला तर?" बाहेर काहीही खाल्लं की आधी साबणानं हात धुणार. एकदा सुलूचा ओठ फुगला तर टांगा करून निघाले. डॉक्टर म्हणाले, "साहेब, मच्छर चावलाय." त्यावर हे ऐटीत, "मच्छर तर मच्छर! पण आपण जल्दी आलो न्हाई का?" मी तोंडावर सांगायची, भाऊजी, अती करता तुम्ही. पण खरं सांगते, सुलू घरात असताना तिळाचा डबा मीही कधी उघडला नाही.

सुलू लग्न होऊन आष्टीला गेली आणि पहिली संक्रांत आली. नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालायचे, आणि हलव्याच्या दाण्यादाण्याच्या पोटात तीळ! भाऊजींची झोपच उडाली. चार दिवस शेगडीपुढे बसून त्यांनी साबुदाण्यावर पाक चढवला, बोटं भाजून घेतली. दागिने मी ओवून दिले. ते डब्यात घालून त्यांनी आष्टी गाठली.

तिसऱ्या दिवशी परतले, डबा तसाच भरलेला.

"सुलूनं सगळं आधीच सांगितल्तं, वहिनी. विहीणबाईंनी खसखशीचा हलवा केल्ता. घरात तिळाचा दाणा ठेवला न्हाई. माझी बिलकुल गरज पडली न्हाई."

हसत होते, पण डबा काही हातातून खाली ठेवत नव्हते. मी तिळगुळाची वाटी पुढं केली. पंधरा वर्षांनी त्यांनी लाडू तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "चांगला झालाय," म्हणाले.

मग सवयीनं आमच्या मोरीवर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा साबण उचलला आणि तसेच थांबले.

"वहिनी, आता घरी घास भरवायला हाय कोण?"