राखून ठेवलेली ओल

पंधरा दिवसांपूर्वी रोह्याजवळच्या एका गावात गेलो होतो... माफी मागायला.

मी कॉलेजात कृषी विस्तार शिकवतो. नवं बियाणं, नवी पद्धत शेतकऱ्यांपर्यंत कशी न्यावी, हे मुलांना सांगतो आणि स्वतःही नेतो.

भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच आमच्याकडे वाल होतो. वेगळं पाणी नाही, त्यामुळे पेरणीचे दिवस मोजके. त्या गावात शेती करणाऱ्या सुनंदाताईंना मी म्हटलं होतं, भाताचं एक खाचर माझ्यासाठी रिकामं ठेवा, वालाचं नवं बियाणं आणतो.

आणलं... बारा दिवस उशिरा. मागणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून राहिला होता.

पेणहून निघालो तेव्हा बियाण्याची पिशवी मांडीवर होती. तुमचं खाचर माझ्यामुळे वाया गेलं, असं सरळ सांगायचं ठरवलं.

गावात सगळीकडे वाल दोन पानांवर आला होता. ताईंचं खाचर मात्र पिवळं दिसत होतं. जवळ गेलो, तर बांधापासून बांधापर्यंत पेंढा पसरलेला.

ताई बांधावर होत्या, त्यांची जाऊही तिथंच उभी होती. "बगा सर, गुरांच्या तोंडचं काढून मातीला घातलंय हिनं."

"तू गप गो," ताई म्हणाल्या. "ओल उडून गेल्यावर सरांचं बियानं काय डोक्यावर पेरू?"

मग माझ्याकडे वळल्या. "तुमी थांब म्हणालात, मी थांबले. ओल थांबते व्हय?"

त्यांनी पेंढा सारला, मूठभर माती दाबून माझ्या हातावर ठेवली. ढेकूळ फुटलं नाही. गार होतं.

जमिनीवर आच्छादन घालणं मी दरवर्षी वर्गात शिकवतो... उशीर होतोय म्हटल्यावर ताईंना फोन करून तेवढंच सांगावं, हे मला सुचलं नव्हतं.

माफी मागायला लागलो. "आदी टोका, मग बोला," म्हणाल्या. पेंढा बाजूला करत, एकेक दाणा मातीत खोचत आम्ही तिघांनी दुपारपर्यंत वाल टोकले. जाऊबाईंनीही हात लावला, पण तोंडानं शेवटपर्यंत गुरांचीच बाजू घेतली.

आज सकाळी ताईंचा फोन आला. "वर आलेत हो सर, सगले."

शेतकऱ्यांनी आपल्यावर विश्वास ठेवावा, म्हणून मी इतकी वर्षं गावोगाव बोलत आलो. तो ठेवल्यावर त्यांना काय काय सांभाळावं लागतं... हे मात्र सुनंदाताईंच्या त्या खाचरात कळलं. मी त्यांचा ऋणी आहे.