मुद्दाम केलेल्या चुका

“गुरुजी, हे काय आहे?” किल्लीचं चित्र मी तिसऱ्यांदा पुढे धरलं. गुरुजींनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मी सोलापुरात एका रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहे. गुरुजींना स्ट्रोकनंतर अफेजिया झाला होता. म्हणजे काय हवंय ते माणसाला कळतं, पण शब्द सापडत नाही. चाळीस वर्षं घरच्या पुढच्या खोलीत त्यांनी संस्कृत शिकवलं. विणकरांची मुलं, व्यापाऱ्यांच्या मुली, जो येईल त्याला. आता त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

सहा आठवडे असेच गेले. आमचे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, प्रोग्रेस शून्य आहे. केस क्लोज करा, बाहेर वेटिंग आहे.”

“दोन आठवडे द्या, सर.”

खरं तर मीही थकले होते.

त्याच आठवड्यात मोहोळहून शिवलीलाताई आल्या. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थिनी. आता स्वतः शाळेत संस्कृत शिकवतात. पलंगाशी बसून त्यांनी ‘राम’ शब्द चालवायला घेतला. “रामेण, रामाभ्याम्, रामेभिः...”

“रामैः!”

गुरुजींचाच आवाज. घोगरा, पण स्पष्ट.

त्यांचा मुलगा अनंत रडायलाच लागला. “बाबा बोलले!” मी त्याला समजावलं, की पाठ असलेलं आपोआप तोंडातून येतं, तेवढ्याने बोलणं परत आलं असं होत नाही. त्याने ऐकलं नाही.

शिवलीलाताईंना मी बाहेर गाठलं. “तुम्ही शिक्षिका, आणि चुकलात कशा?”

“मुद्दाम चुकले की, मॅडम. चूक ऐकून गुरुजी गप बसले, असं कधी झालंच न्हाय.”

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा ग्लास धरला आणि म्हटलं, “जलः.”

गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. “जलम्!”

लगेच पाणी दिलं. असं रोज, दिवसातून वीसदा. मग मी चुकणं बंद केलं, नुसता ग्लास धरायला लागले. अकराव्या दिवशी ते आपणहून म्हणाले, “जलम्.” पुढे अन्नम्, औषधम्, गृहम्.

अनंत म्हणाला, “आता माझं नाव.”

मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, “गुरुजी, हा सुरेश ना?”

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “किती शब्द?”

“चार.”

“चारच?”

“चारच, सर.”

गुरुजी घरी गेले. त्यानंतर दीड वर्ष जगले. मुलाचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. पण रविवारी जुने विद्यार्थी जमायचे, मोठ्याने चुकायचे, आणि गुरुजी एकेकाला दुरुस्त करायचे.

पेशंट काय विसरलाय, ते टेस्टमध्ये कळतं. त्याला काय सहन होत नाही, ते त्याच्या माणसांना विचारावं लागतं. मला विचारायला सहा आठवडे लागले.